सत्तेचाळीस नंबर गैरहजर

काचवाल्याबद्दल गल्लीत कुणालाही विचारा. तो आधी मान हलवेल, मग उसासा टाकेल आणि मग सांगेल की हाताला काय कसब होतं हो त्याच्या, पण गोळ्यांच्या नादी लागला. हे सांगताना सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर कळवळ्याची जाड साय धरलेली असते. ती जरा बोटाने बाजूला केली की खाली शुद्ध करमणूक दिसते. दुसऱ्याचं घर बुडताना बघायला मिळणं ही काही रोजची गोष्ट नाही, आणि तेही फुकटात.

नाद वगैरे काही नव्हता. जिना होता. काचवाला वीस वर्षं थोरल्या भावाच्या काचेच्या दुकानात काम करत होता. एका कपड्याच्या दुकानासाठी सात फुटी काच दुसऱ्या मजल्यावर न्यायची होती. वरच्या बाजूला थोरला, खालच्या बाजूला हा. मोठी काच नेताना ती उभी धरतात आणि पुढच्याला थांबायचं असेल तर तो आधी तोंडाने सांगतो, एवढा साधा नियम. थोरल्याचा फोन वाजला. तो न सांगता थांबला, एक हात सोडला आणि फोन कानाला लावला. सगळं वजन खाली आलं आणि काचवाला काच छातीशी धरून पाठीवर सात पायऱ्या घसरत गेला. काचेवर ओरखडा उठला नाही. थोरला आजही ही हकीकत गिऱ्हाइकांना रंगवून सांगतो, आमच्या दुकानाची काच कशी असते याचा दाखला म्हणून. भावाची पाठ मोडली हा भाग तेवढा वेळेअभावी राहून जातो.

ऑपरेशन झालं, कमरेत स्क्रू बसले, आणि डॉक्टरने दुखणं मारायच्या गोळ्या लिहून दिल्या. साध्यासुध्या नाहीत, अफूच्या घराण्यातल्या. दुखायला लागायच्या आधीच घेत जा, सहन कशाला करायचं, असं डॉक्टर मोठ्या मायेने म्हणाला. आठ महिने तो त्या गोळ्या लिहीत राहिला. मग वरून कसलासा कागद आला आणि डॉक्टरला एका दिवसात साक्षात्कार झाला. काचवाल्याने पुढची चिठ्ठी मागितली तेव्हा त्याने चष्मा काढला, खुर्ची मागे सारली आणि म्हणाला, तुम्हाला सवय लागलेली दिसतेय. जणू ती सवय काचवाला घरून डब्यात घालून घेऊन आला होता.

त्यानंतरची दोन वर्षं झाकून ठेवण्यात अर्थ नाही. औषधाच्या दुकानाचं मागचं दार, मग त्या दाराशी भेटलेला एक माणूस, मग त्या माणसाकडे जे मिळेल ते. काचवाला खोटं बोलला, दुकानातलं ड्रिल मशीन गायब झालं ते त्यानेच केलं, मुलीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता त्या दुपारी तो बागेतल्या बाकावर बसल्या बसल्या झोपला. बायको मुलीला घेऊन आपल्या भावाकडे निघून गेली. चार महिन्यांनी परत आली ती एका अटीवर. ती शांतपणे म्हणाली होती की पुन्हा एकदा जरी झालं तर मी पोरीला घेऊन जाईन, आणि या खेपेला परत येणार नाही. थोरल्या भावाचीही अट होतीच. हात एकदा जरी थरथरला, एक कागद जरी तुझ्या नावाचा उलटसुलट आला, तर दुकानाची पायरी चढायची नाही. पायऱ्यांचा विषय त्याने काढावा हे विशेष.

मग काचवाला केंद्रावर गेला.

केंद्र म्हणजे मोठ्या इस्पितळाच्या मागे, धुलाईघराला लागून असलेली एक लांबट खोली. ओल्या चादरींचा वास भिंतीतून आत यायचा. आत चार बाक, एक खिडकी, खिडकीमागे सिस्टर, आणि दारासमोर एक टेबल. दारावरच्या पाटीवर कागद चिकटवलेला होता, कारण पाटीवरचा 'व्यसन' हा शब्द वाचून शेजारच्या विभागात दात काढून घ्यायला आलेल्या सभ्य लोकांना त्रास होत होता. आसपासच्या चार गावांत मिळून असं हे एकच केंद्र. एकच का, तर ही औषधं लिहायला वेगळा परवाना लागतो आणि तो मिळवायची खटपट कुणी डॉक्टर करत नाही. ज्या डॉक्टरने आठ महिने मायेने सवय लावली, त्याला ती लावायला मात्र कुणाचा परवाना लागला नव्हता.

इथली डॉक्टर तरुण होती आणि तिला काम कळत होतं, म्हणून अर्थातच तिला आठवड्यातून एकदा, मंगळवारी अकरानंतर, दोनच तास यायची मुभा होती. तिने काचवाल्याला नीट समजावून सांगितलं. ही गोळी गिळायची नाही, जिभेखाली ठेवायची. आठ-दहा मिनिटं तिला तिथेच विरघळू द्यायचं. तोवर बोलायचं नाही, आवंढा गिळायचा नाही. पोटात गेली की वाया गेली. ही गोळी नशा देत नाही, पण शरीराची ती ओरड बंद करते.

आणि खरंच बंद केली. तिसऱ्या आठवड्यात काचवाल्याने पहिल्यांदा पुन्हा हिरकणी हातात घेतली. हिरकणी म्हणजे काच कापायचं हत्यार. तिने रेघ ओढायची ती एकदाच, एका दाबाने, मध्ये न थांबता. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा फिरवली की काच वाट्टेल तशी तडकते. काचवाल्याने पाच फुटांची रेघ ओढली, काच टेबलाच्या कडेवर आणून दाबली आणि ती सरळ दोन तुकडे होऊन वेगळी झाली. तो त्या कडेवरून बराच वेळ अंगठा फिरवत बसला. त्या दिवशी तो सुखी होता. असं सुख त्याला त्या दुसऱ्या गोळ्यांनी कधी दिलं नव्हतं.

आता लोकांना हेही सहन होईना. शेजारचा निवृत्त साहेब म्हणाला की एक व्यसन सुटलं आणि दुसरं लागलं, इतकंच. हा साहेब स्वतः सकाळी उठल्यावर रक्तदाबाची, साखरेची आणि रक्त पातळ करायची अशा तीन गोळ्या घेतो आणि त्यातली एक चुकली तर सुनेला घर डोक्यावर घेऊन दाखवतो. पण ते औषध. काचवाल्याचं ते व्यसन. थोरल्याचंही मत तेच होतं, फक्त तो ते गिऱ्हाइकांसमोर बोलायचा.

सहा महिने बरे गेले. रोज सकाळी दहाला केंद्र उघडायचं, दहा वाजून दहाला खिडकीशी सिस्टर गोळी द्यायची, दहा मिनिटं बाकावर बसायचं, मग जीभ वर करून सिस्टरला तोंड दाखवायचं, वहीत सही करायची आणि कामाला जायचं. काचवाल्याचा नंबर सत्तेचाळीस. नावं गुप्त राहावीत म्हणून प्रत्येकाला नंबर दिलेला होता.

ते दारासमोरचं टेबल ज्याचं, त्याला सगळे मास्तर म्हणायचे. तो मास्तर नव्हता, कारकून होता. पण लाल शाई, निळी शाई, पट्टी आणि एक घंटी असा संसार त्याने टेबलावर मांडला होता. समोर बसलेल्या साठी उलटलेल्या ड्रायव्हरलाही तो पाय खाली ठेवा म्हणून दटावायचा. त्याला औषधातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. हे लोक इथे लाडाने फुकट गोळ्या खायला येतात आणि त्यांना शिस्त लावायची तर ती आपणच, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. मूर्ख माणूस प्रामाणिक असला की त्याच्यापुढे लबाड परवडतो.

एकदा वरून तपासणी आली आणि वहीत दोन सह्या एकाच हाताच्या निघाल्या. मास्तरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवसापासून त्याने सही बंद केली आणि तोंडी हजेरी सुरू केली. नंबर पुकारायचा, ज्याचा असेल त्याने 'हजर' म्हणायचं, स्पष्ट आणि मोठ्याने. गुप्त ठेवायचे नंबर धुलाईघरातल्या बायकांनाही पाठ झाले ते तेव्हापासून. हजेरीची वेळ त्याने सव्वादहाची ठरवली. साडेदहाला त्याचा चहा असे, त्याच्या आत उरकायला हवं.

सव्वादहाला बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या जिभेखाली गोळी असे.

ही गोष्ट त्या खोलीत सगळ्यांना दिसत होती, फक्त मास्तरला दिसली नाही, कारण पुकारा करताना तो वहीतून डोकं वर काढतच नसे. सिस्टरने एकदा सुचवून पाहिलं, तेव्हा त्याने हजेरी हा तुमचा विषय आहे का एवढंच विचारलं. सिस्टर भली बाई, पण भल्या बायकांनाही निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असतात. ती खिडकीतून गोळ्या देत राहिली.

जे घडायचं ते घडलं. जे बिचारे गोळी जिभेखाली ठेवून 'हजर' म्हणायचे, त्यांची निम्मी गोळी लाळेबरोबर पोटात जायची आणि संध्याकाळी अंग मोडून यायचं. खणखणीत 'हजर' कुणाचं यायचं, तर ज्यांच्या तोंडात गोळीच नसायची. एकतीस नंबर त्यांचा मेरुमणी. खिडकीशी गोळी तोंडात टाकायची, बाकाशी पोचेपर्यंत रुमालात घ्यायची, आणि नंबर आला की शाळेतल्या पहिल्या बाकावरच्या पोरासारखं ओरडायचं. मास्तरचा तो फार लाडका. इतरांनी त्याला मॉनिटर असं नाव ठेवलं होतं. रुमालातल्या गोळ्या मॉनिटर सायकल स्टँडच्या मागे गरजूंना द्यायचा, मोबदला घेऊन अर्थातच. सिस्टरच्या जीभ-तपासणीची त्याला फिकीर नव्हती. रिकामं तोंड दाखवायचं होतं, ते त्याच्याकडे कायम तयार असे.

काचवाल्याने पहिला आठवडा 'हजर' म्हणून काढला. चौथ्या दिवशी दुपारी त्याची रेघ मध्येच थरकली आणि एक चांगली काच तिरकी तडकली. थोरल्याने तुकड्यांकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे पाहिलं. घरी बायकोनेही त्याला घाम पुसताना पाहिलं. काचवाल्याने ठरवलं की आता काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. शनिवारी नंबर आला तेव्हा त्याने हात वर केला. रविवारी केंद्र बंद, त्या दिवसाची गोळी शनिवारीच घरी न्यायला मिळे. सोमवारी केला. मंगळवारी केला. हात पुन्हा स्थिर झाले. आपण हात उंच धरलाय म्हणजे तो दिसत असेल, असं तो समजत होता. माणसाने अशा ठिकाणी इतकं भाबडं असू नये.

बुधवारी खिडकीशी सिस्टरने यादीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि डोळे खाली ठेवून म्हणाली की तुमचा नंबर नाहीये, मास्तरांना विचारा.

सलग तीन दिवस गैरहजर, नाव कमी. मास्तरने वही फिरवून दाखवली. सत्तेचाळीसपुढे लाल शाईच्या तीन फुल्या होत्या, पट्टी धरून काढल्यासारख्या सुबक.

काचवाला म्हणाला, "मी इथेच होतो. तुमच्यापासून चार हातांवर. हात वर केला होता."

"हाताचा रकाना आहे का यात? दाखवा मला."

"गोळी तोंडात होती. बोललो असतो तर वाया गेली असती."

"एकतीस नंबर बोलतो की रोज. त्याची नाही वाया जात?"

या प्रश्नाचं खरं उत्तर काचवाल्याला ठाऊक होतं, पण चहाडी करायची तर मॉनिटरशी वैर, आणि केली तरी मास्तर आपल्या लाडक्यावर विश्वास ठेवणार. त्याने दुसरी वाट धरली. सिस्टरच्या वहीत बघा म्हणाला, तिन्ही दिवस गोळी दिल्याची खूण असेल. सिस्टरने वही आणली. खुणा होत्या. मास्तरने त्या शांतपणे बघितल्या आणि समजावून सांगितलं की ही औषधाची वही आणि ही हजेरीची. हिच्यानुसार सत्तेचाळीस नंबरला गोळी मिळाली, तिच्यानुसार सत्तेचाळीस नंबर आलाच नाही. दोन्ही वह्या आपापल्या जागी बरोबर आहेत. हे म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते एखाद्याच्या चेहऱ्यावर नातू झाल्यावरच दिसतं.

मग त्याने पुन्हा दाखल होण्याचा अर्ज पुढे सरकवला. गैरहजेरीचं कारण लिहायचं. कारणं तीनच छापलेली होती. इस्पितळात भरती असल्यास तिथला दाखला हवा. कामासाठी परगावी गेल्यास मालकाचं पंधरा दिवस आधीचं पत्र हवं. आणि तिसरं, पुन्हा सेवन. त्याला घरच्या माणसाची सही पुरते, आणि नवा नंबर व गोळी त्याच दिवशी मिळते.

"पण मी घेतलेलंच नाही," काचवाला म्हणाला.

"मग गैरहजर का होतात?"

"नव्हतोच."

"गैरहजर नव्हता तर परत कसला घेऊ तुम्हाला?" असं म्हणून मास्तरने घड्याळ पाहिलं. साडेदहा झाले होते. डॉक्टर मॅडम पुढच्या मंगळवारी. तोवर सहा दिवस. गोळी नसली तर दुसऱ्या दिवसापासून काय सुरू होतं आणि चौथ्या दिवशी पाय आपोआप कुठे वळतात, हे काचवाल्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

बाहेर सायकल स्टँडपाशी मॉनिटर उभाच होता. त्याला सगळी बातमी होती. त्याने खिशातून कागदाची बारीक पुडी काढली आणि मोठ्या दिलाने पुढे केली. माझ्या न्हाणीघराच्या खिडकीची काच फुटलीय, सवडीने बसवून दे म्हणाला, रोजची एक देत जाईन. पुडीत तीच गोळी होती, कडा लाळेने खाल्लेली, वाळून पिवळट झालेली. प्रामाणिकपणे औषध घेणाऱ्याला केंद्राने हाकलावं आणि तेच औषध त्याने चोराच्या तोंडातून उष्टं घ्यावं, अशी सोय शिस्तीने करून दिली होती. तरी काचवाल्याने पुडी खिशात ठेवली. फेकून दिली असती तर वाचायला बरं वाटलं असतं, पण ज्याच्या अंगात ती ओरड कधी उठली नाही त्यानेच फेकायच्या गप्पा माराव्यात.

संध्याकाळी शर्ट धुवायला टाकताना ती पुडी बायकोच्या हाताला लागली. तिने ती पोळपाटाशेजारी ओट्यावर उघडून ठेवली आणि मुलीला अभ्यासाची वही घेऊन बाहेरच्या खोलीत जायला सांगितलं. मग ती उभी राहिली. काचवाल्याने सगळं सांगितलं, हजेरीपासून मॉनिटरच्या रुमालापर्यंत. सांगता सांगता त्याच्याच लक्षात येत होतं की आपण शब्दन् शब्द खरं बोलतोय आणि शब्दन् शब्द थाप वाटतोय. दोन वर्षं तो सफाईने खोटं बोलला होता तेव्हा ती फसायची. आज खरं बोलताना तो अडखळत होता, जांभया देत होता, नाक पुसत होता.

ती म्हणाली, "गोळी तोंडात असताना नाव पुकारतो? अहो, इतका खुळा माणूस खुर्चीवर बसेल का?"

बायको बाइंडिंगच्या कारखान्यात पानं लावून पुस्तकं शिवते. तिथे एक पान उलटं लागलं तरी मुकादम पुस्तक तोंडावर फेकतो. खुळ्या माणसाला खुर्ची मिळते ती तो खुळा असूनही नव्हे तर बऱ्याचदा त्यासाठीच, हे तिला माहीत असायचं कारण नव्हतं. तिने पुडी मोरीत रिकामी केली, वर दोन तांबे पाणी ओतलं आणि म्हणाली की उद्या मी येणार, माझ्या डोळ्यांनी बघणार. आणि हे खोटं निघालं तर तिथूनच मी पोरीच्या शाळेत जाईन, तिला घेईन आणि निघेन.

गुरुवारी सकाळी काचवाल्याच्या अंगावर काटा उभा राहत होता आणि घामही येत होता, दोन्ही एकदम. गाडीतून उतरताना बायकोने त्याचा हात धरला नाही, पण त्याच्या वेगाने चालली. तिने कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. नातेवाइकांना बाकावर बसायची परवानगी नव्हती म्हणून ती दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली, मास्तरच्या मागच्या बाजूला. काचवाला शेवटच्या बाकावर, यादीबाहेरचा.

दहा वाजून दहाला गोळ्या दिल्या गेल्या. सव्वादहाला मास्तरने घंटी वाजवली, वहीत डोकं घातलं आणि पुकारा सुरू केला.

एकतीस आला. मॉनिटरने असा 'हजर' ठोकला की धुलाईघरातलं कुणीतरी हसलं. दाराशी उभ्या बाईने त्याच्या मुठीतला रुमाल पाहिला. छत्तीस आला. छत्तीस म्हणजे तो म्हातारा ड्रायव्हर. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि हात वर होता. मास्तर वाट बघत राहिला, डोकं खाली. ड्रायव्हरने दुसराही हात वर केला. मग बाकावर पाय आपटला. मास्तरने न बघताच पाय नीट ठेवायला सांगितलं, छत्तीस गैरहजर असं मोठ्याने उच्चारलं आणि लाल शाईचं पेन उचललं. म्हाताऱ्याचे दोन्ही हात तसेच वर राहिले. बायकोने तिथे उभ्या उभ्या डोळे मिटले आणि उघडले. तिचा नवरा खरं बोलला होता. हे कळल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण ती त्या वर उचललेल्या दोन हातांकडेच बघत राहिली.

हजेरी संपल्यावर ती टेबलाशी गेली. तिने विचारलं की बोलता न येणाऱ्या माणसांची हजेरी तोंडी का घेता. मास्तर म्हणाला, बाई, नियम फलकावर लावलाय. फलक उघड्या दाराच्या मागे होता. मग त्याने तिसऱ्या कारणापुढे आधीच बरोबरची खूण केलेला अर्ज तिच्यापुढे ठेवला आणि सहीची जागा दाखवली. माझ्या पतीने पुन्हा सेवन केल्याचे मला माहीत आहे, असं वर छापलेलं होतं. खाली दुसरी प्रत होती.

"ही कुणाला?"

"एक आमच्याकडे, एक कामाच्या ठिकाणी. शनिवारी टपालात जाईल."

म्हणजे सोमवारी थोरल्याच्या हातात. त्याला निमित्तच हवं होतं. एक कागद तुझ्या नावाचा उलटसुलट आला तर, असं तो म्हणाला होता, आणि हा कागद भावजयीच्या अक्षरात असणार होता.

काचवाला उठून आला होता. त्याने अर्जावर तळहात ठेवला. आयुष्यात इतका खोटेपणा त्याने केला, पण हा तिच्याकडून करवून घ्यायला त्याला लाज वाटली. नको म्हणाला. पाच दिवस काढतो. मंगळवारी मॅडम येतील, त्यांना सांगू. तो हे म्हणत होता आणि त्याचं नाक गळत होतं आणि त्याचे दात एकमेकांवर वाजत होते. त्याला स्वतःलाही खात्री नव्हती आणि हे तिला दिसत होतं.

"अहो, हात काढा," ती म्हणाली. "तुम्ही घेतलं नाहीत हे मला कळलंय. या कागदाला नाही कळलं तर मरू दे त्याला. भाऊजींचं दुकान गेलं तर दुसरं दुकान बघू. हात दुसरे कुठून आणणार आहात?"

तिने दोन्ही प्रतींवर सही केली, पुस्तकाला टाका घालताना सुई दाबते तसं पेन दाबून, की कागद टोकाशी जरा फाटला. मास्तरने फाटलेल्या जागेकडे नाराजीने पाहिलं. मग त्याने शिक्का मारला आणि एका खऱ्या माणसाला कायमचं खोटं करून अर्ज बाजूला ठेवला. सहा महिने न चुकता आलेला माणूस वहीत पुन्हा घसरलेला, आणि मॉनिटर शंभर टक्के हजेरीचा आदर्श रुग्ण. वरच्यांना पाठवायच्या अहवालात हे असंच जाणार होतं, आणि वरचेही त्यावर शिक्काच मारणार होते.

नवा नंबर एकशे बारा. सिस्टरने गोळी दिली. देताना तिने काचवाल्याच्या बायकोकडे पाहिलं आणि चटकन खिडकीची काच ओढून घेतली. काचवाल्याने गोळी जिभेखाली ठेवली, बाकावर बसला आणि ओठ मिटले. बायको येऊन त्याच्या मागे उभी राहिली. तिच्या हाताचं वजन त्याला खांद्यावर जाणवलं.

मास्तरला चहाला जायचं होतं, पण नव्या नंबराची पहिल्या दिवसाची हजेरी राहिली होती, आणि अपुरा रकाना सोडून उठणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो पुन्हा बसला, वही ओढली, डोकं खाली घातलं.

"एकशे बारा."

खोलीत कुणी बोललं नाही. बोलू शकणारे निघून गेले होते.

"एकशे बारा. एकदाच विचारीन."

"हजर," बायको म्हणाली.

आवाज बाईचा होता, बाकामागून आला होता, आणि एकशे बारा नंबर मिशा असलेला पंचेचाळीस वर्षांचा बाप्या होता. मास्तरला आवाज कुणाचा याच्याशी देणंघेणं नव्हतं. रकान्याला आवाज हवा होता, तो मिळाला. त्याने निळ्या शाईने सुबक खूण केली, शाई वाळावी म्हणून फुंकर मारून वही बंद केली आणि उठता उठता, अजूनही वर न बघता, समाधानाने म्हणाला, "बघा. मनात आणलं की बोलता येतं."

काचवाल्याच्या ओठांवर त्या क्षणी जी शिवी आली होती ती द्यायला अजून आठ मिनिटं होती, आणि तोवर मास्तर चहाला गेलेला असणार होता.